मुलाखतीविना नोकरी आणि नोकरीविना मुलाखती

सरकारी चाकरीत आम्ही मुलाखतीविना शिरलो, हे आमच्या धाकट्या बंधूस अलीकडे फार बोचते. अराजपत्रित 'ब' आणि 'क' गटातील पदांच्या मुलाखती केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून बंद केल्या; आम्ही लागलो ते त्यानंतर. पदवी गाठीशी होती. संगणकासमोर बसून उत्तरे दिली, मिनिटास ३५ इंग्रजी शब्द या वेगाने टंकलेखन करून दाखविले आणि कोणीही तोंडाकडे न पाहता आम्ही कारकून झालो. वशिल्यास वाव राहू नये, हा त्यामागील हेतू. ज्याच्या घरी वशिला नव्हता, त्याने तरी त्यास नावे ठेवू नयेत.

बंधूचा मार्ग निराळा. वेब डेव्हलपर होण्यासाठी तो सांगलीहून आमच्याकडे के. आर. पुरमला आला. येथून २०२३ पासून मेट्रो थेट व्हाइटफील्डला जाते आणि तेथे संगणक कंपन्यांची दाटी आहे. आधी घड्याळ लावून सोडवायचे प्रोग्रॅम, मग घरी करून पाठवायचे काम, आणि शेवटी परीक्षकांच्या देखत, मोठ्याने विचार करीत कोड लिहिणे. या 'मोठ्याने'पाशीच तो दोनदा अडला. विचार मराठीत, बोलणे इंग्रजीत. मधला दुभाष्या ऐन वेळी मुका होतो. परीक्षकास मौन म्हणजे अज्ञान वाटते. शैक्षणिक कर्जाचे हप्ते मात्र मौन पाळीत नाहीत.

तेव्हा रात्री जेवणे आटोपल्यावर आम्हीच परीक्षक होऊ लागलो. 'ब्राउझरमध्ये पत्ता लिहिला की पुढे काय घडते?' हा तेथला नेहमीचा प्रश्न. तो प्रथम मराठीत सांगे: डीएनएसकडून नावाचा अंकी पत्ता मिळवायचा, दूरच्या सर्व्हरशी संधान बांधायचे, मागणी धाडायची, आलेल्या एचटीएमएलवरून पान मांडायचे. आम्हांस ते आवक-जावक विभागासारखे भासले आणि म्हणूनच समजले. मग तेच इंग्रजीत, न थांबता.

आमच्या परीक्षेने चेहरा पाहिला नाही, म्हणून न्याय झाला. पण आम्हांस खरोखर किती कळते, हेही तिने फारसे पाहिले नाही. त्याची परीक्षा नेमके तेच पाहते, पण परभाषेच्या चाळणीतून. दोहोंत उजवे-डावे आम्हांस करवत नाही. परमुलखात मुले वाढविणाऱ्या वाचकांस मात्र सुचवावेसे वाटते की, धडा पाठ झाला का, असे विचारू नये. तो आम्हांस आधी मराठीत, मग इंग्रजीत समजावून दे, असे म्हणावे.

बंधूची तिसरी मुलाखत येत्या गुरुवारी आहे.