घारापुरीचा एक विस्मृत चित्रकार

घारापुरीच्या लेण्यांत उभे राहिलों कीं आम्हांस कार्स्टेन नीबूर आठवतो. डेन्मार्कच्या राजानें १७६१ सालीं अरबस्थानाकडे धाडलेल्या सहा जणांच्या मंडळींत तो मोजणीदार होता. मुंबई गांठण्यापूर्वींच चौघे निवर्तले; त्यांत चित्रकार बाउरेनफाइंडही होता. उरलेला वैद्य १७६४ सालीं मुंबईंत वारला. चित्रकार गेला म्हणून काम अडलें नाहीं. मोजणीदारानें स्वतःच पेन्सिल हातीं घेतली, लेण्याचा आराखडा मोजून काढिला, मूर्ति रेखाटिल्या. १७७८ सालीं छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनांत तीं चित्रें आहेत. पुढें वार्धक्यांत त्याची दृष्टि गेली. तरी पाहिलेला पूर्वेकडील प्रदेश मनश्चक्षूंपुढें स्पष्ट उभा राही, असें त्याच्या पुत्रानें लिहिलें आहे.

शिक्षकी करीत असतां आम्हीं कितीदां तरी मुलांना हें लेणें दाखविलें. पण तासाभरांत पाहावयाचें आणि परतीची लाँच गांठावयाची! डोळे शाबूत असून एकाही खांबाचा घाट आज आम्हांस आठवूं नये, ह्याची लाज वाटते. वाचकहो, मुलाबाळांसह घारापुरीस जाल तेव्हां फराळाच्या डब्याबरोबर एक वही आणि पेन्सिलही अवश्य न्या. हातानें रेखाटलेलें डोळे विसरत नाहींत.