पिसांची रजई

दिवाळीला धाकटी पुण्याहून पांढुर्ण्याला आली ती पॅराशूटचं कापड घेऊनच. "आई, मला रजई शिवून दे. झोळीत झोपायला." हिला डोंगर चढायचं वेड. रानात दोन झाडांना झोळी बांधून रात्र काढतात म्हणे. तयार रजई फार महाग, म्हणून घरी शिवायची. आणि तिच्यात भरायचं काय, तर बदकाच्या आणि हंसाच्या छातीची मऊ पिसं!

"आपल्या घरात?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

तिनं समजावलं, ऊब पिसांत नसते, पिसांत अडकलेल्या हवेत असते. हे मला नवं नव्हतं. सौंसरला माहेरी थंडीच्या तोंडावर पिंजारी यायचा. दबून पोळीसारखा झालेला कापूस त्याच्या तातीखाली दुप्पट फुगायचा आणि जुनी रजई पुन्हा गरम व्हायची. पण कापूस जड, ओला झाला की ऊबही देत नाही. पाठीवर घेऊन डोंगर चढायला तो कामाचा नाही, हे मलाही पटलं.

पिसं मात्र पटेनात. बाजारातली बहुतेक पिसं मांसासाठी मारलेल्या पक्ष्यांची. काही ठिकाणी तर जिवंतपणीच उपटतात. धाकटी म्हणाली, "महाराजांची पिच्छी पिसांचीच ना?" मी म्हटलं, "मोर पावसाळ्यानंतर पिसं आपणहून टाकतो. ती वेचलेली असतात." मग तिनं आइसलंडच्या आयडर बदकाचं सांगितलं. ते स्वतःच्या छातीची पिसं घरट्यात अंथरतं आणि माणसं ती घरट्यातून गोळा करतात. पण ती सोन्याच्या भावाची. आमचं अंथरूण तेवढं कुठलं!

वाद मी जिंकलाच होता. तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "आई, आणि तुझा लग्नातला शालू?"

मी गप्प झाले. एका रेशमी साडीला हजारो कोश लागतात आणि आतल्या किड्यांसकट ते उकळतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पंख नाही, चोच नाही, ओरडत नाही, म्हणून तो जीव माझ्या नजरेत आला नाही. कंदमुळं वर्ज्य, रात्री जेवण नाही आणि ट्रंकेत तीस वर्षं शालू जपून ठेवलेला.

शेवटी पॉलिएस्टरची पसरट गादी आणली, उशांत भरतात त्यातलीच. पिसं असती तर ती सरकू नयेत म्हणून दोन कापडांमध्ये उभ्या पट्ट्या लावून कप्पे करावे लागले असते. हिला कडेनं शिलाई नि मध्ये चार-सहा टाके पुरले. गोधडीसारखा भरगच्च धावदोरा घालायला हात शिवशिवत होते, पण जिथे टाका बसतो तिथे हवा दबते आणि थंडी आत येते. पायाकडची बाजू पिशवीसारखी शिवली.

दुसरी रजई झोळीच्या खाली, बाहेरून टांगायची. अंगाखाली दबलेली रजई ऊब देत नाही, म्हणून. मला सासूबाई आठवल्या. बाळाच्या झोळीला खालून वारा लागतो म्हणून त्या बाहेरून जुनं लुगडं बांधायच्या.

सौंसरच्या शेतात संत्र्याची झाडं झोळी पेलत नाहीत, म्हणून दोन आंब्यांना बांधली. रात्रभर मला झोप नाही. पहाटे दव पडलेलं, आणि ही आत गाढ.

"पिसांची असती तर वजन निम्मं असतं," उठल्यावर म्हणाली. मग थांबून, "पण ही चालेल. पायाशी तेवढी थंडी वाजली."

आता पायाशी आणखी एक थर घालायचा आहे. शालू तिच्या लग्नात नेसायचा ठरवला होता. तो आता नेसणार नाही. टाकवतही नाही. ट्रंक उघडली की दिसतो, तेवढं पुरे.