आजपुरते

दळणासाठी ज्वारी पाखडून झाली, की आई तीतली एक मूठ काढून चुलीशेजारच्या लहानशा मडक्यात टाकी. आणि मडके भरले म्हणजे ते एखाद्या रविवारी उपासनेच्या वेळी अर्पण होई, नाहीतर ज्या घरची चूल पेटली नसेल त्या घरच्या ओसरीवर गुपचूप रिते होऊन परत येई. ही मूठ घरच्या सुबत्तेवर अवलंबून नसे. सुगीत ती जेवढी भरे, तेवढीच ज्येष्ठात भरे, आणि म्हणूनच ती मला लहानपणी अतिशय अव्यवहारी वाटे.

1972 सालच्या दुष्काळात, नगर जिल्ह्यातील आमच्या गावची माणसे खडी फोडावयास जात होती आणि रेशनवर मिळणाऱ्या परदेशी मिलोची तांबूस भाकर घरोघरी मुकाट्याने खाल्ली जात होती, त्या सुमारास शिक्षक असलेल्या माझ्या वडिलांचा पगार, पगारपत्रकातील कसल्याशा चुकीमुळे, दोन महिने तहकूब राहिला. अर्ज गेले, स्मरणपत्रे गेली. कचेरीतून उत्तर येईना. एके संध्याकाळी आईने दळणापुरते उरलेले धान्य सुपात घेतले, पाखडले, आणि नेहमीप्रमाणे त्यातली मूठ मडक्यात टाकली. मी संतापून विचारले, ‘‘आई, उद्या काय?’’ ती म्हणाली, ‘‘उद्याचं तो बघंल.’’

‘बघंल’ या शब्दाचा अर्थ मला पुढे पुष्कळ वर्षांनी थोडाफार उमगला. आपण ख्रिस्ती माणसे ‘देवाची तरतूद’ म्हणतो खरे, परंतु तरतूद हा शब्द जमाखर्चाच्या दप्तरात रुळलेला असल्यामुळे तो उच्चारताच अंदाजपत्रक, मंजुरी आणि शिल्लक यांचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते, व ईश्वर हा जणू एखादा उदार खजिनदार आहे अशी आपली नकळत समजूत होते. उत्पत्तीच्या पुस्तकात मोरियाच्या वाटेवर इसहाक बापाला होमाच्या कोकराविषयी विचारतो, तेव्हा अब्राहामाच्या तोंडी जे हिब्रू क्रियापद आहे त्याचा मूळ अर्थ ‘पाहणे’ एवढाच आहे. पुढे त्या डोंगराला पडलेले नावही त्याच क्रियापदावरून पडले. मराठीला हे नवे नाही. आपण पाहुण्याची सोय पाहतो, आजाऱ्याचे पथ्यपाणी पाहतो, आणि एखादे माणूस निराधार झाले तर ‘त्याला पाहणारे कोणी नाही’ असे म्हणतो. विश्वास म्हणजे हिशेब जुळेलच अशी खात्री नव्हे. आपण कोणाच्या तरी दृष्टीस आहोत, एवढीच ती खात्री.

रानात इस्राएलांना मिळालेला मान्ना ज्याने त्याने त्या दिवसापुरताच गोळा करावयाचा होता. साठवलेल्या मान्न्यात सकाळी किडे पडत, अपवाद तो फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवसाचा. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतील भाकरीला लावलेले ग्रीक विशेषण तर इतके दुर्मीळ आहे, की ते ग्रीक लोकांच्या बोलण्यात आढळत नाही, असे तिसऱ्या शतकातील ओरिजेन या पंडितानेच नमूद केले होते. ‘रोजची’ म्हणावे, ‘येत्या दिवसाची’ म्हणावे की ‘निर्वाहापुरती’, हा वाद विद्वानांनी अद्याप मिटवलेला नाही. माझ्या आईला तो वाद ठाऊक नव्हता. तिचे सूप मात्र त्या विशेषणावर आयुष्यभर भाष्य करीत होते.

या श्रद्धेला आळसाचे पांघरूण करणे सोपे आहे, हे मी जाणतो. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळातील अनाथ मुलींना दौंडजवळच्या केडगावी आणले, तेव्हा त्यांची भिस्त देवावर होती. पण त्याच भरवशाच्या माणसाने तेथे विहिरी खणवल्या, माग बसवले, छापखाना उभारला. आणि या श्रद्धेने दुःख टळते असेही नाही. 1921 साली त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा गेली. पुढच्याच एप्रिलात, बायबलाचे मराठी भाषांतर हातावेगळे करून, त्या स्वतः गेल्या. या दोन घटनांमधील महिन्यांचा हिशेब कोणत्या खात्यात मांडावा, हे मला सांगता येत नाही. दुष्काळात भाकरीवाचून मेलेल्यांचाही सांगता येत नाही. एवढेच दिसते, की ती प्रार्थना ‘मला’ दे म्हणत नाही, ‘आम्हाला’ दे म्हणते. आणि त्या अनेकवचनात कोणाची तरी मूठ देणेकरी असते.

त्या संध्याकाळनंतर आमच्या दारी काही चमत्कार घडला नाही. तीन दिवस आम्ही पातळ आंबिलीवर काढले, चौथ्या दिवशी वाण्याने वहीवर लिहून मिलो दिला, आणि पगार यावयास आणखी पंधरवडा लागला. पण दुसऱ्या रात्री आंबील पिऊन होताच मी पुन्हा उद्याचे काढले, तेव्हा भांडी पालथी घालीत आई म्हणाली, ‘‘आज भागलं ना? मग नीज आता.’’

भागणे म्हणजे पुरणे, आणि भागणे म्हणजे वाटले जाणे. मूठ काढूनही आमचे भागले, की मूठ काढली म्हणूनच भागले, हे मला अजून नीटसे ठरवता आलेले नाही. त्या रात्री मात्र मी निजलो.