गप्प राहणारा संगणक

मुलांनो, आज रात्री एक प्रयोग करून पाहा. दिवे मालवले, टीव्ही बंद झाला, की डोळे मिटून दोन मिनिटं नुसतं ऐका. फ्रीजची घरघर, छताच्या पंख्याची टकटक, दूरवर जाणारी लोकल... हे आवाज दिवसभरही असतात, बरं का! पण डोळे उघडे असले की कानांकडे लक्ष देतो कोण?

माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी आहे. तिला दिसत नाही. ती ब्रेल वाचते, आणि ऐकून लक्षात ठेवण्यात तर वर्गात तिचा हात धरणारं कोणी नाही. म्हणून मी पुस्तकातले धडे घरी मोठ्याने वाचते, संगणकावर रेकॉर्ड करते आणि तिच्या आईच्या मोबाइलवर पाठवते. शाळा अंबरनाथला, घर बदलापूरला, तेही रेल्वेच्या रुळांजवळ. त्यामुळे हे काम रात्री दहानंतर, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात चालतं.

एकदा ती मला म्हणाली, "बाई, तुमच्या सगळ्याच धड्यांत पाऊस का पडतो हो?"

मला काही कळेना. घरी आले, हेडफोन लावला आणि नीट कान देऊन ऐकलं. खरंच की! माझ्या आवाजामागे सारखं आपलं सूंऽऽऽ चाललेलं. तो होता माझ्या बारा वर्षांच्या जुन्या संगणकाचा पंखा.

तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय बिघडतं? बिघडतं ना! स, श, फ ही अक्षरं म्हणताना तोंडासमोर हात धरून पाहा. हवा लागते. पंख्याचा आवाजही हवेचाच. मग एकात दुसरा मिसळून जातो. श्रुतलेखनात तिने 'शाल'च्या जागी 'साल' का लिहिलं होतं, ते मला तेव्हा उमगलं. तुम्हाला शंका आली तर तुम्ही पुस्तकात डोकावता. या धड्यांपुरतं तरी कान हेच तिचं पुस्तक होतं.

जुन्या संगणकाचं वय झालंच होतं. मी ठरवलं, नवा संगणक आपण स्वतः जोडायचा, आणि तो गप्प राहणारा हवा.

आता मुळात संगणकाला पंखा लागतोच कशाला? कारण संगणक जी वीज घेतो, तिची जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. मी घेतलेला प्रोसेसर ६५ वॉटचा आहे. म्हणजे आजीच्या घरी असायचा त्या पिवळ्या बल्बएवढी उष्णता, आणि तीही अंगठ्याच्या नखाएवढ्या चिपमधून! ही उष्णता काढून घेतली नाही, तर प्रोसेसर आपला वेग कमी करतो आणि तरीही तापला तर संगणक बंदच पडतो.

ही डोकेदुखी आजची नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हा आपल्या देशात बनवलेला संगणक पूर्ण झाला. त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या, आणि अशी प्रत्येक ट्यूब दिव्यासारखी तापायची. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली बसवलेल्या 'परम ब्रह्म' या महासंगणकाला तर थंड ठेवण्यासाठी नळ्यांतून द्रव खेळवावा लागतो. माझ्या टेबलावरच्या संगणकाचं भांडण तेच, फक्त लहान.

उल्हासनगरच्या बाजारात मी चौकशी केली, तेव्हा एका दुकानदाराने सोपा उपाय सांगितला, "मॅडम, डब्याला आतून फोम चिकटवा. आवाज बाहेर येणारच नाही!" पण आवाज कोंडला की त्याच्याबरोबर उष्णताही कोंडते. ती वाढली की पंखा आणखी जोरात फिरतो. वर्गात गोंगाट झाला म्हणून दारं-खिडक्या लावून घेतल्या तर मुलं गप्प बसतात का? उकडायला लागून कलकलाट दुप्पट होतो!

मग मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. पहिला प्रश्न असा, की काय नसलं तरी चालेल? आवाज रेकॉर्ड करायला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. ते गेलं, त्याचे पंखे गेले, पैसेही वाचले. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरते. तिच्याऐवजी एसएसडी घेतली. तिच्यात फिरणारं काहीच नसतं.

दुसरा प्रश्न पंख्याच्या आकाराचा. जुन्या संगणकात ८० मिलिमीटरचा पंखा होता. मी १२० मिलिमीटरचे दोन घेतले. मोठा पंखा म्हणजे मोठा आवाज, असं वाटतं ना? गणित करा पाहू. १२० भागिले ८० म्हणजे दीड. दीड गुणिले दीड, सव्वादोन. म्हणजे पंख्याची जागा सव्वादोन पट झाली. तेवढीच हवा ढकलायला त्याला धावपळ करावी लागत नाही, सावकाश फिरलं तरी चालतं. आणि पंख्याचा वेग निम्मा केला, की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. १० डेसिबल उतरला तरी कानाला तो निम्मा वाटतो!

सामान आणायला मी बदलापूरहून दादर आणि तिथून ग्रँट रोड गाठलं. तिथला लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, संगणकाच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. रंगीत दिवे लावलेले काचेचे डबे पाहून डोळे दिपले. मी मात्र पुढून जाळी असलेला साधा डबा घेतला. हवा पुढून आत येईल, मागून बाहेर जाईल. वाट सरळ असली की हवा फारशी कुरकुरत नाही.

जोडणी मी शाळेतच केली, एका शनिवारी शाळा सुटल्यावर. सात-आठ मुलं थांबली होती. प्रोसेसरवर बसवायचा कूलर मी आधी त्या मुलीच्या हातात दिला. तिने बोटं फिरवली आणि म्हणाली, "बाई, हा तर कंगवा!" अगदी बरोबर. ॲल्युमिनियमच्या त्या पातळ पात्यांमुळे हवेला स्पर्श करायला खूप जागा मिळते. पात्यांमधून तांब्याच्या नळ्या जातात. नळीत थोडासा द्रव असतो. तो गरम टोकाला वाफ होतो, गार टोकाला पुन्हा द्रव होतो आणि माघारी येतो. माठातलं पाणी गार कसं होतं आठवतं? वाफ होताना पाणी उष्णता घेऊन जातं. तीच युक्ती, फक्त इथे पाणी उडून जात नाही. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये मटारच्या दाण्याएवढी थर्मल पेस्ट लावली, कारण डोळ्यांना न दिसणाऱ्या फटींत हवा राहिली तर ती उष्णता अडवते.

डबा थरथरला की टेबलही वाजतं. म्हणून उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून मागे उघडं असलेलं जड टेबल घेतलं आणि डब्याखाली रबराच्या चकत्या ठेवल्या.

खरी परीक्षा मे महिन्यात झाली. बदलापूरचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहेच! पंखा हवा थंड करत नाही, नुसती हलवतो. आपल्याला पंख्याखाली गार वाटतं, कारण आपला घाम वाळतो. संगणकाला कुठला घाम? जानेवारीत खोली २२ अंशांवर होती, तेव्हा भरपूर काम देऊन पाहिलं. प्रोसेसर ६६ अंशांवर गेला. मे महिन्यात खोली ३४ आणि प्रोसेसर ७९. वजाबाकी करा: ४४ आणि ४५! म्हणजे खोली जेवढी तापते, तेवढाच प्रोसेसर वर चढतो. थंड हवेच्या गावातल्या माणसाचे आकडे पाहून आपण पंखे मंद केले, तर उन्हाळ्यात पंचाईत होईल. म्हणून मी पंख्यांचा वेग मे महिन्यातल्या दुपारी ठरवला.

पहिला नवा धडा ऐकून ती मुलगी म्हणाली, "बाई, पाऊस थांबला. पण तुमच्याकडे घड्याळ आहे ना, ते आता ऐकू येतं." मी भिंतीवरचं घड्याळ दुसऱ्या खोलीत नेलं. त्यानंतरच्या श्रुतलेखनात 'शाल', 'साल' आणि 'फाल्गुन' तिन्ही शब्द बरोबर आले.

तुमच्या घरी किंवा शाळेत संगणक असेल, तर त्याच्या मागच्या पंख्यासमोर तळहात धरा. बोटं आत घालायची नाहीत हं! वारा क्षीण आणि आवाज मोठा असेल, तर बहुधा जाळीत धूळ साचली आहे. मोठ्यांना सांगून वीज बंद करा, जाळी निघत असेल तर काढून धुवा, पूर्ण वाळू द्या आणि मगच बसवा. डबा भिंतीला चिकटवून ठेवला असेल, तर चार बोटं पुढे ओढा. एवढं केलंत, की त्याची निम्मी तक्रार मिटेल.