रिंगणाबाहेरून

लोकसाहित्याचा पेपर आम्ही बरीच वर्षे शिकवीत आहोत. माडियांचा रेला आला की फळ्यावर गाण्याचे शब्द लिहायचे, अर्थ सांगायचा आणि शेवटी जोडायचे, 'साथीला ढोल असतो.'

काही वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनात गडचिरोलीच्या विद्यार्थ्यांनी रेला सादर केला. आखणी आमच्याकडे होती. आम्ही त्यांना आठ मिनिटे दिली आणि बजावले की प्रेक्षकांकडे पाठ करू नका. मुलांनी निमूटपणे रिंगण उलगडले, सरळ रांग केली. टाळ्याही पडल्या.

त्यांच्यापैकी एक जण आज मिहानमध्ये नोकरीला आहे. विमानतळालगतच्या या प्रकल्पात शिवणगाव, तेल्हारा, कलकुही, दहेगाव अशा गावांची जमीन गेली. गेल्या हिवाळ्यात त्याने आम्हाला खापरीजवळच्या एका मोकळ्या जागेवर बोलावले. दूरवर कंपन्यांचे दिवे. इकडे हात गुंफलेली पंधरा-वीस मुलेमुली आणि ढोल. चेहरे दिसतील अशी जागा शोधत आम्ही रिंगणाभोवती फिरलो. ती कुठेच नव्हती. बाहेर उभे राहणाऱ्याच्या वाट्याला फक्त पाठी येतात.

"सर, उभे काऊन? या ना आत."

आम्ही गेलो. पाऊल चुकत राहिले. तेव्हा ढोलवाला आमच्यासमोर आला आणि आमच्या पायांकडे पाहत, पाऊल जुळेपर्यंत तोच ठेका वाजवीत राहिला.

सेनेगलमधील वोलोफ लोकांच्या 'साबार'विषयी आम्ही वाचले होते. तेथे ढोल, नृत्य आणि सोहळा या तिन्हींना हे एकच नाव. वादक एका हातात काठी धरतो, दुसऱ्या हाताने थाप देतो, आणि रिंगणात उतरलेल्या बाईच्या पावलांशी त्याचा ठेका संवाद करतो. रेला हेही गाण्याचे आणि नाचाचे एकच नाव. ही नावे जे एकत्र ठेवतात ते आम्ही फळ्यावर सुटे केले होते. ढोल साथीला नसतो. तो माणसाला आत घेतो. मंचावर आम्ही नेमके तेच काढून टाकले होते.

त्या आठ मिनिटांविषयी त्याच्याशी बोलायचे राहूनच गेले. असो. यंदाच्या प्रश्नपत्रिकेतही 'रेलागीतांतील शब्दकळा' अशी टीप आहे. प्रश्नपत्रिका आम्हीच काढली आहे.