आम्ही एकटेच

“किती जन आले तुमी?” गुरुकुंज मोझरीला आश्रमाच्या फाटकाशी आम्ही सायकल टेकवीत असताना भगव्या टोपीतल्या एका वृद्ध सेवकांनी विचारले. “आम्ही एकटेच,” आम्ही सांगितले. त्यांनी आमच्या पाठीमागे अमरावतीकडचा रस्ता न्याहाळला आणि काळजीच्या सुरात म्हणाले, “मंग बाकीचे कुठी रायले?”

हसू आले खरे, पण प्रश्न मनात राहिला. लेखात आणि वर्गात ‘आम्ही’ म्हणण्याची सवय आम्हाला इतकी जडली आहे की ती फाटकाशीही सुटली नाही. समीक्षेतला हा ‘आम्ही’ मोठा सोयीचा असतो. त्याच्या आडून एकटा माणूस अनेकांच्या वतीने बोलल्याचा आव आणू शकतो. धुळ्याहून नागपूरकडे सायकलवर निघालो त्याचा तो आठवा दिवस होता, आणि या आठ दिवसांत आमच्या वतीने दमायला किंवा भुकेजायला दुसरे कोणी नव्हते.

सायकलप्रवास म्हटला की लोकांना साहस आठवते. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांतल्या तिघांनी १९२८ मध्ये ती पुरी केली. १९२४ मध्ये फ्रामरोझ दावर एकटेच निघाले. व्हिएन्नात त्यांना गुस्ताव नावाचा सोबती मिळाला आणि १९३१ पर्यंत चाललेला तो प्रवास दोघांचा झाला. आमची रोजची पन्नास किलोमीटरची मजल त्यांच्यापुढे काहीच नव्हे. शिवाय आमचा अनुभव असा की अशा प्रवासात साहस थोडे आणि घरकाम फार. पहाटे पाचला उठायचे, रात्री भिजत घातलेले हरभरे चावत चाकांतली हवा अंगठ्याने दाबून पाहायची, साखळीला तेलाचे दोन थेंब द्यायचे, वळकटी कॅरिअरला आवळायची. ऊन चढण्याआधी जमेल तेवढे अंतर काटायचे, दुपारी एखाद्या देवळाच्या ओसरीत पाठ टेकायची, संध्याकाळी सदरा धुऊन वाळत घालायचा आणि रात्री वहीत किलोमीटर, खर्च व पंक्चर यांचा हिशेब मांडायचा. पौषातला वारा समोरून होता. त्याच्याशी वाद घालून उपयोग नसतो. मान खाली घालून पायडल मारीत राहावे लागते. एकांतात काही थोर विचार सुचतील या आशेने आम्ही निघालो होतो. सुचले ते बहुतेक पाण्याविषयीच.

त्यालाही कारण होते. बाळापूर, अकोला, मूर्तिजापूर असे पुढे सरकू लागले की पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा लागतो. इथले भूजल खारे. हातपंपाचे पाणी तोंडात घेतले की तहान वाढते. मग दारोदारी बाटली पुढे करून गोडे पाणी मागावे लागते, आणि स्वतः ते लांबून आणणारी माणसेही बाटली गळ्यापर्यंत भरून देतात. आम्हाला हे नवे नव्हते. मूर्तिजापूरजवळच्या खेड्यात आमचे बालपण गेले. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही ही आईची जन्मभराची तक्रार होती.

त्याच गावातून आमचे वडील दर आश्विनात राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथीला चार-पाच सोबत्यांसह सायकलने मोझरीला जात. कॅरिअरवर धोतर, भाकऱ्या आणि खंजिरी. दोन दिवस लागत. निघण्याआधी ते दरवर्षी विचारीत, “यंदा आपन जाऊ.” आणि आम्ही दरवर्षी म्हणत असू, “आमचं काही जमत नाही, बाबा.”

अडचण वेळेची नव्हती. त्या काळात आम्ही नवकाव्यात बुडालो होतो. एकाकी माणसाचा स्वर तेवढा खरा, असे आमचे मत होते. रांगेत बसून एका सुरात केलेली प्रार्थना आम्हाला व्यक्तित्वाचा लोप वाटे. एकदा आम्ही ते बोलूनही दाखवले : “गर्दीत माणूस हरवतो, बाबा.” त्यांनी उत्तर दिले नाही. सायकलची घंटी पुसत राहिले. पुढच्या वर्षापासून त्यांनी विचारणे सोडले. त्यांना जाऊन आता चार वर्षे झाली.

‘आम्ही’मध्ये ऐकणारा बाहेर राहतो आणि ‘आपण’मध्ये तो आत येतो, हा भेद आम्ही विद्यार्थ्यांना अनेकदा समजावून सांगितला आहे. आमच्याच घरात हा पाठ दरवर्षी दिला जात होता, हे मात्र नांदगाव पेठेच्या अलीकडे बाभळीचा काटा टायरमधून उपसताना ध्यानात आले.

तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये हा आश्रम उभारला. त्यांची ४१ अध्यायांची ग्रामगीता वडिलांच्या उशाशी असे. आम्ही ती काव्यगुणांच्या शोधात अर्धी चाळून ठेवून दिली होती. गावाला उद्देशून लिहिलेला ग्रंथ आपण एकट्याने वाचतो आहोत, हे तेव्हा जाणवले नव्हते.

संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला आम्ही सर्वांत मागच्या रांगेत बसलो. श्रद्धा जागी झाली असे लिहिणे खोटे ठरेल. पण एक गोष्ट कानाला स्पष्ट कळली : तो सूर एक नव्हता. शेजारचे गृहस्थ अर्धा शब्द मागे होते, एका आजींचा आवाज वरच्या पट्टीत फाटत होता, एक पोरगा सगळ्यांच्या पुढे धावत होता. प्रत्येक जण वेगळा ऐकू येत होता आणि तरी कोणी कोणासाठी थांबत नव्हते, कोणी कोणाला सोडूनही जात नव्हते. गर्दीत माणूस हरवतो, हे विधान आम्ही एकदाही रांगेत न बसता केले होते. आमच्या अभ्यासविषयात याला काय म्हणतात ते आम्हाला ठाऊक आहे. विद्यार्थ्याने तसे केले असते तर आम्ही गुण कापले असते.

प्रार्थना संपली तसे ते फाटकाजवळचे वृद्ध सेवक आमच्यापाशी आले. बाकीचे लोक अजून पोचले नाहीत, हे त्यांनी पाहिले असावे. “चाला,” ते म्हणाले, “आपन जेवाले जाऊ.”

रात्री वही उघडली. किलोमीटर पंचेचाळीस, पंक्चर दोन. त्याखाली रोजच्याप्रमाणे एक ओळ लिहिली : आज मोझरीला आलो. लिहिल्यावर दिसले की कर्ता घालायचा राहून गेला आहे. मराठीत तो गाळता येतो. ‘आलो’ हे रूप मी, आम्ही आणि आपण या तिघांनाही चालते. आम्ही तो घातला नाही. दिवा मालवला आणि पहाटे पाचचा गजर लावून झोपलो. पुढे नागपूरचा रस्ता होता, आणि वारा समोरचाच असणार होता.