जळगांव-धुळ्याकडील जेवणें

जळगांव स्टेशनवर उतरणारा बाहेरगांवचा प्रवासी बहुधा अजिंठ्याच्या वाटेचा असतो. सामान हातांत, लक्ष मोटारीकडे. लेणीं पाहून परतला कीं रात्रीची गाडी गांठावयाची. या शहरीं थांबून जेवण्यासारखें कांहीं असेल, ही कल्पनाहि त्याला शिवत नाहीं. आमची गोष्ट पुष्कळ वर्षें याहून निराळी नव्हती, आणि आम्हांस तर ती अधिकच लाजिरवाणी. कारण आमच्या मातोश्रींचें माहेर धुळ्याचें. लग्न होऊन त्या पुण्यास आल्या, त्याला पासष्ट वर्षें होत आलीं. एवढ्या काळांत खानदेश आमच्या घरीं आला तो काळ्या मसाल्याच्या डब्यांतून आणि ज्वारीच्या बिबड्यांच्या चळतींतून. आम्ही खानदेशांत गेलों ते लग्नामुंजींपुरते.

गतवर्षीं मात्र आम्हांस तिकडे तीन वेळां जावें लागलें. कारण घरगुती होतें. आषाढांत मातोश्रींस मोठें दुखणें झालें. त्यांतून त्या उठल्या, पण तोंडाची गेलेली चव परत येईना. डॉक्टरांनीं सर्व खाण्याची मुभा दिली असतांहि ताट जसेंच्या तसें परत जाई. सुनांनीं आपापल्या परीनें सारें करून पाहिलें. वजन उतरत चाललें, आणि घरांतील वडील मंडळी एकमेकांकडे न बोलतां पाहूं लागलीं. अशा दिवसांत एकदां त्या सहज म्हणाल्या, "आमच्याकडचें भरीत असतें, तर दोन घांस गेले असते." 'आमच्याकडचें' हा शब्द आम्हांस जरा लागला. पासष्ट वर्षें ज्या घरांत काढलीं तें कोणाकडचें म्हणावयाचें? पण हा वाद घालण्याची ती वेळ नव्हती.

आमच्या घरीं चातुर्मासांत वांगें, कांदा आणि लसूण वर्ज्य. चंपाषष्ठीस खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखविला कीं मोकळीक. तेव्हां मार्गशीर्षांत चंपाषष्ठी आटोपतांच आम्ही व आमचे कनिष्ठ बंधु असे दोघे जळगांवास निघालों. थंडी पडल्यावांचून खरें भरीत मिळत नाहीं, हें मातोश्रींनीं दोनदां बजावलें होतें.

पुण्यामुंबईकडे 'खानदेशी भरीत' अशी पाटी लावून जें वाढतात, त्यावरून मूळ पदार्थाची कल्पना येणें कठीण. मुळांत वांगेंच निराळें. तें जांभळें नव्हे. फिकट हिरवें, मोठें आणि बियांनीं विरळ. यावल तालुक्यांतील बामणोद गांवाचें नांव या वांग्यासाठीं घेतात. २०१६ सालीं जळगांवच्या या वांग्यास आणि तेथील केळ्यास अशा दोहोंसहि भौगोलिक मानांकन मिळालें. दुसरी गोष्ट विस्तवाची. वांगीं भाजावयाचीं तीं कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर. कापूस वेंचून झाला कीं शेतांत उरणाऱ्या या काड्या भडभडून पेटतात. साल करपून गर मऊ होतो आणि त्यांत धुराचा एक वास उतरतो, तो गॅसच्या चुलीवर जन्मांत यावयाचा नाहीं. सोललेला गर लांकडाच्या लांबट पात्रांत ठेंचतात. मग हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात आणि कोथिंबीर यांसह तेलाच्या फोडणींत तो घालतात. लाल तिखटाचा संबंध नाहीं. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी. कळणा म्हणजे ज्वारींत उडीद मिसळून दळलेलें पीठ.

जळगांवांत हें भरीत वजनावर विकत मिळतें. कृष्णा भरीत सेंटरचें नांव तेथें कोणीहि सांगेल, आणि आम्हीहि प्रथम तेथेंच गेलों. हिंवाळ्यांतील गर्दींत उभें राहून, बोटें भाजत, आम्हीं दोघां बंधूंनीं किती पुऱ्या संपविल्या हें येथें न सांगणें बरें. तृप्त झालों आणि त्या तृप्तीच्या भरांत एक मूर्खपणा केला. दोन किलो भरीत डब्यांत भरून घेतलें आणि रात्रीच्या गाडीनें पुण्यास आणलें.

सकाळीं डबा उघडला तेव्हां भरितास पाणी सुटलें होतें आणि पात काळवंडली होती. मातोश्रींनीं एक घांस घेतला, ताट सारलें आणि म्हणाल्या, "अरे, भरीत का डब्यांतून आणायचें असतें?" त्यांचा स्वर रागाचा नव्हता. तो राग असता तर आम्हांस बरें वाटलें असतें.

म्हणून माघांत दुसऱ्या खेपेस त्यांनाच घेऊन निघालों. डॉक्टरांनीं परवानगी दिली, पण ती देतांना कपाळास आठी घातली. सोबत आमचें कुटुंब आणि एक पुतण्या. यावेळीं यावलकडील एका स्नेह्यांच्या मळ्यांत उतरलों. तिकडे हिंवाळ्यांत आप्तेष्टांस शेतावर भरितास बोलावण्याची जुनी चाल आहे. लेवा पाटीदार मंडळींच्या या मेजवान्या सर्व खानदेशांत नांवाजलेल्या. केळीच्या बागेच्या कडेला काड्यांचा ढीग पेटविला होता. मातोश्रींस खुर्ची दिली, तर त्यांनीं ती जाळाजवळ ओढावयास लावली आणि भाजणाऱ्या गड्यास, "तें डावीकडचें उलट, करपलें," असें सांगूं लागल्या. जेवावयास पंगत मातींतच बसली. त्यांच्या पानावर भाकरीचा चतकोर आणि थोडें भरीत वाढलें. तें संपलें. कुटुंबानें पुन्हा वाढलें, तेंहि संपलें. आम्ही सर्वजण दुसरीकडे पाहत होतों, कारण पाहिलें असतें तर त्यांनीं हात आखडला असता. दुपारीं त्यांनीं पाणी मागून घेतलें आणि "जरा तिखट झालें होतें" अशी तक्रार केली. सहा महिन्यांत अन्नाविषयीं केलेली ही त्यांची पहिली तक्रार होय.

त्या भागांतून जातां जातां फैजपूर-सावद्याच्या रस्त्यावर केळ्यांचे वेफर्स जरूर घ्यावेत. मात्र पाकिटांतील नव्हेत. कच्चें केळें किसणीवरून थेट कढईंत पडतें आणि गरम चकत्या कागदांत मिळतात, ते. याच फैजपुरास डिसेंबर १९३६ मध्यें काँग्रेसचें खेड्यांत भरलेलें पहिलें अधिवेशन झालें. पुतण्यास तें सांगितलें, पण त्याचें लक्ष कढईकडे होतें. जळगांवच्या मेहरूण भागांतील बोरेंहि प्रसिद्ध आहेत. आम्हांस मिळालीं तीं मोसमाच्या शेवटचीं, तरी गोड होतीं.

जळगांवहून धुळ्यास जाणारा रस्ता एरंडोल, पारोळें यांवरून जातो. १९०६ पर्यंत हा सारा मुलूख एकच खानदेश जिल्हा होता. मग पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले, त्यांचीं पुढें जळगांव आणि धुळें हीं नांवें पडलीं, आणि १९९८ सालीं धुळ्यांतून नंदुरबार वेगळें निघालें. कचेऱ्या वाढल्या, ताटांत मात्र फारसा फरक पडलेला दिसत नाहीं. ज्वारी, तूर, उडीद, भुईमूग आणि तिखट यांवरच सर्व उभारणी. उन्हाळा असा कीं पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर जावा आणि भाजीपाला करपावा. शेवेच्या भाजीचें मूळ आम्हांस यांतच दिसतें. भाजी नसेल तेव्हां डब्यांतील बेसनाची शेव रश्शांत टाकावी, हें ज्या गृहिणीस प्रथम सुचलें तिचें नांव कोणी टिपून ठेवलें नाहीं.

ही शेवभाजी आज ढाब्यांची राणी होऊन बसली आहे. धुळ्यास मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन हमरस्ते एकमेकांस छेदतात. मालमोटारींचे चालक अहोरात्र येतात-जातात, आणि त्यांस वाटाण्याच्या उसळीपेक्षां झणझणीत व चटकन होणारें अन्न हवें असतें. आम्हीं ती दोन ठिकाणीं खाल्ली. पहिलें ठिकाण झगझगीत दिव्यांचें. तेथें वाटींत बोटभर लाल तेल तरंगत होतें आणि शेव अगोदरच भिजून तिचा लगदा झाला होता. त्या स्थळाचें नांव सांगत नाहीं; त्याचीं भावंडें प्रत्येक हमरस्त्यावर आहेत. दुसरें ठिकाण म्हणजे रस्त्याच्या कडेला दोन बाजा आणि एक चूल. तेथें कांदा व सुकें खोबरें विस्तवावर भाजून आमच्या देखत वाटलें, काळा मसाला घालून रस्सा उकळविला, आणि जाडी शेव पानाशीं वाढतांना वरून टाकली. शेव अर्धी मऊ, अर्धी कुरकुरीत असतांना खावी. यांतच सारें रहस्य आहे. वाचकांनीं कोठेंहि शेवभाजी मागविली तर शेव वेगळी आणावयास सांगावी. चांगला आचारी याचा राग धरीत नाहीं.

या दोन जेवणांच्या अनुभवावरून आमचें एक मत बनलें, तें नि:संकोच लिहितों. खानदेशांत खाणावळीनें जें घर करूं शकत नाहीं तें करावें. तेथें ती चांगली निघते. काड्यांचा जाळ, गोवऱ्यांचा आर, रात्रभर तापलेली भट्टी, हीं आतां बहुतेक घरांत उरलेलीं नाहींत. उलट जें घर सहज करतें, त्याची नक्कल खाणावळींत मागूं नये. 'खानदेशी थाळी' म्हणून बारा वाट्या मांडणाऱ्या उपाहारगृहांत आम्हांस एकहि वाटी स्मरणांत राहण्याजोगी लाभली नाहीं.

धुळ्यांत मातोश्रींस आपली गल्ली पाहावयाची होती. जुन्या धुळ्याच्या गल्ल्या सरळ आखलेल्या आणि क्रमांकांनीं ओळखल्या जाणाऱ्या, त्यामुळें गल्ली सांपडली. वाडा सांपडला नाहीं. त्या जागीं तीन मजली इमारत आहे. त्यांनीं खालच्या दुकानांतून उगीच एक काड्यापेटी विकत घेतली आणि "चला" म्हणाल्या. राजवाडे संशोधन मंडळाकडे त्यांस आम्हीं आग्रहानें नेलें, कारण त्यांचे वडील तेथें नेमानें जात. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यासच वारले आणि पुढील वर्षीं हें मंडळ स्थापन झालें. राजवाडे आपलें अन्न आपण शिजवून खात, अशी त्यांची ख्याति. तेव्हां खाणावळींविषयीं त्यांची साक्ष काढणें व्यर्थ.

त्या दिवशीं दुपारीं वरण-बट्टी खाल्ली ती एका विधवा बाईंच्या लहानशा खाणावळींत. आदल्या दिवशीं सांगावें लागतें. गव्हाच्या जाडसर पिठांत ओंवा, हळद व मोहन घालून केलेले गोळे गोवऱ्यांच्या आरांत भाजतात, मग चिरून तुपांत तळतात. वर तुरीचें घट्ट वरण, पुन्हा तूप, आणि बाजूस वांग्याची घोटलेली भाजी. हें अन्न दुपारींच खावें आणि नंतर कोणतेंहि काम हातीं घेऊं नये. फुणक्यांची कढी मात्र सर्व धुळ्यांत विकत मिळाली नाहीं. तुरीची डाळ भिजवून वाटावी, तिचे मुटके वाफवावे आणि पातळ कढींत कुस्करून खावे, इतका साधा तो पदार्थ. शेवटीं मातोश्रींच्या एका मावसबहिणीच्या सुनेनें तो रात्रीं करून घातला. वर सांगितलेल्या नियमास हें अनुसरूनच झालें. त्या रात्रीं दोघी वृद्ध बहिणी एका ताटांत जेवल्या आणि अहिराणींत कांहीं बोलून इतक्या हंसल्या कीं आमचें कुटुंब दारांतून परत आलें. मातोश्रींस अहिराणी येते हें आम्हांस त्या रात्रीं कळलें.

तिसरी खेप अक्षय तृतीयेची. तिकडे तिला आखाजी म्हणतात. लेकी माहेरीं येतात, झाडांस झोके बांधतात, आणि पुरणाचे मांडे व आमरस हें त्या दिवसाचें जेवण. उन्हाच्या भीतीनें आम्ही जाण्यास नाखूष होतों. मातोश्रींनीं "आखाजीला माहेरीं जाऊं नको म्हणणारा तूं कोण?" असें विचारल्यावर तिकिटें काढलीं. मांडे आतां थोड्याच घरांत होतात. मागणी घेऊन करून देणाऱ्या बायका जळगांवांत आहेत आणि धुळ्यांतहि. पीठ इतकें सैल आणि तिंबलेलें कीं पुरण भरलेला उंडा हातांवर झुलवीत झुलवीत रुमालाएवढा होतो, मग उपड्या तापलेल्या खापरावर तो अलगद पडतो. पहाटे पांचांपासून त्या बाई चुलीपुढें होत्या. मातोश्रींनीं पदर खोंचून एक उंडा मागून घेतला. तो दोन फेऱ्यांत फाटला. "पुरण कोरडें आहे," असें त्या म्हणाल्या. बाईंनीं मान डोलावली, पण पुरण कोरडें नव्हतें.

त्यांनीं अर्धा मांडा आमरसाबरोबर खाल्ला आणि उरलेला अर्धा संध्याकाळकरितां झांकून ठेवावयास सांगितला. परततांना एक खापर विकत घेतलें. तें वर्तमानपत्रांत गुंडाळून पुतण्यानें मांडीवर ठेवून पुण्यापर्यंत आणलें. गॅसवर तें चालत नाहीं, आणि इमारतींत चूल पेटवूं देत नाहींत, म्हणून सध्यां तें आमच्या गॅलरींत उपडें पडलें आहे. धाकट्या सूनबाई त्यांत ओंवा लावावा म्हणतात. मातोश्री अद्याप तयार होत नाहींत.